केबल कुणाला विचारून बंद केली?

ग्रुपचं नाव: फक्त सूचना, चर्चा करू नये

शनिवार

देशपांडेकाका ए-१०१ (सकाळी ७.०४): हॉलमधल्या टीव्हीची केबल कुणाला विचारून बंद केली? काल रात्री साडेनऊला आम्ही चौघं आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती झाली ते बघायला खाली गेलो. टीव्हीवर नुसता लोगो आला, गेला, परत आला, परत गेला. अकरा वेळा मोजलं. पातळी काही कळली नाही.

सी-४०३: 🌹 शुभ सकाळ. आजचा दिवस आनंदात जावो 🌹

देशपांडेकाका: कसला आनंद. वर लिहिलंय ते वाचा.

माने सेक्रेटरी: काका, नमस्कार. हा विषय मे महिन्याच्या मीटिंगमध्ये झालेला आहे. केबल बंद करून महिनाभर नेटवरून टीव्ही दाखवणारे वेगवेगळे बॉक्स लावून बघायचे आणि मग निर्णय घ्यायचा, असं सर्वानुमते ठरलं होतं.

देशपांडेकाका: मेमध्ये मी पुण्याला मुलीकडे होतो. सर्वांत मी नव्हतो.

आप्पा चौगुले सी-२०१: आमच्या शामरावनगरच्या पावण्यानं गाडी कालच वर नेऊन लावली. कोयनेतनं सोडलंय का काय, बगा की कुणीतर.

मगदूम मॅडम बी-२०२: खात्री असेल तरच टाका. मागच्या पावसाळ्यात धरण फुटल्याचा मेसेज या ग्रुपवर कुणी टाकला होता, ते अजून लक्षात आहे.

आप्पा चौगुले: मी न्हाई टाकला. मला आल्याला मी फकस्त पुढं सरकवला.

रोहन बी-४०२: काका, लोगो येऊन जातोय म्हणजे टीव्हीला मागे लावलेली ती नेटची स्टिक परत परत रीस्टार्ट होतेय. मी तिचा अ‍ॅडॉप्टर भिंतीवरच्या प्लगला लावून गेलो होतो. तो कुठे आहे?

कुलकर्णी खजिनदार: गणपतीच्या मीटिंगला स्पीकरसाठी प्लग हवा होता म्हणून काढला. स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत घातली. लाइट लागला की तिचा.

रोहन: लाइट लागणारच. पण त्या जुन्या टीव्हीच्या पोर्टातून अर्धा अँपिअर मिळतो आणि स्टिकला एक लागतो. लोगो दाखवण्याइतकं भागतं. व्हिडिओ सुरू करायला गेली की पुरत नाही, मान टाकते, परत उठते.

शेखचाचा ए-३०१: म्हणजे अर्ध्या इंची पाइपवर चौथ्या मजल्याची टाकी भरायची.

रोहन: अगदी तेच चाचा.

बी-४०१: टाकीवरून आठवलं, कालपासून आमच्याकडे पाणी करंगळीएवढं येतंय. याकडे कुणी बघणार आहे का, की टीव्हीच बघायचा?

माने सेक्रेटरी: पाण्याचा विषय वेगळा. कृपया मिक्स करू नये.

बी-४०१: बाहेर पाणी चढतंय आणि आमच्या नळाला नाही. मिक्स मी करत नाहीये.

देशपांडेकाका: माझा प्रश्न साधा आहे. केबल कुणाला विचारून बंद केली?

कुलकर्णी खजिनदार: काका, महिन्याला साडेतीनशे वाचले. आणि मी म्हणूनच सुरुवातीला तो काळा बॉक्स आणला होता. दोन हजारांत सात हजार चॅनेल, महिन्याचं भाडं शून्य. पण इथल्या तज्ज्ञ मंडळींना तो पसंत पडला नाही.

रोहन: काका, तज्ज्ञ वगैरे नाही मी. त्या बॉक्सवर पिक्चर धुरकट का दिसत होता ते सांगतो. पैसे देऊन घेतलेली अ‍ॅप्स आधी तपासतात, डिव्हाइस प्रमाणित आहे का. वाइडवाइन नावाचं कुलूप असतं, त्याची एल-वन पातळी नसेल तर एचडी देतच नाहीत, फक्त खालच्या दर्जाचं चित्र सोडतात. नेट कितीही फास्ट असू दे.

रोहन: आणि सात हजार चॅनेल फुकट कोण देतं? असल्या बिननावाच्या बॉक्समध्ये आधीच व्हायरस भरलेला सापडतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने तसा इशाराही दिलाय, बॅडबॉक्स म्हणून. आपल्या वायफायवरून दुसराच कुणीतरी उद्योग करतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

कुलकर्णी खजिनदार: माझ्या भाच्याच्या घरी दोन वर्षं चालू आहे. कुठली एफबीआय आली नाही.

आप्पा चौगुले: सांगलीला एफबीआय आली तर पयलं आपलं पार्किंग बघंल आन् तिथनंच माघारी जाईल.

मगदूम मॅडम: पार्किंगवरून आठवलं. पांढरी गाडी अजून खालीच आहे. २०१९ ला आयर्विनवर ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, तेव्हा ज्यांनी शेवटपर्यंत गाडी हलवली नाही त्यांनी तरी यंदा लवकर हलवावी. नाव घेत नाही.

सी-१०२: नाव घ्या ना मॅडम. गाडी माझी, काळजी माझी. धोका पातळी ४५ ला असते, अजून इशाऱ्याच्या ४० लाही पोचलेलं नाही.

देशपांडेकाका: हे तुम्हाला कुठून कळलं?

सी-१०२: घरी केबल आहे.

देशपांडेकाका: 🙏 वाचा सगळ्यांनी. मी काल रात्रीपासून हेच म्हणतोय.

माने सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे.

पाटील वहिनी सी-३०२: मग माझी एक सूचना. हॉलच्या टीव्हीवर गेले तीन आठवडे माझं अकाउंट चालू आहे. ट्रायलपुरतं म्हणून माने भाऊजींनी मागितलं, मी दिलं. आता घरी मी टीव्ही लावला की येतं, तुमचे दोन स्क्रीन आधीच चालू आहेत. एक मुलगा बघतो पुण्यात. दुसरा कोण?

पाटील वहिनी: आणि माझ्या नावावर कुणीतरी ती खुनांची मालिका बघतंय. सहाव्या भागापर्यंत आलंय. मला आता उघडलं की नुसते मुडदेच सुचवतात. माझ्या पाककृती पार तळाला गेल्या.

आप्पा चौगुले: 😂😂

कुलकर्णी खजिनदार: वहिनी, सार्वजनिक हॉल आहे, कुणीही बघू शकतं.

पाटील वहिनी: तेच म्हणते. ते अकाउंट एका घरापुरतं असतं. साडेतीनशे वाचले असं तुम्ही वर लिहिलंय ना, ते माझ्या खिशातून वाचले.

माने सेक्रेटरी: वहिनी, गैरसमज नसावा. दिलगीर आहे. नेटफ्लिक्सचा १४९ वाला घ्यावा असं एकदा मनात होतं.

रोहन: तो मोबाइल प्लॅन आहे काका, फोन-टॅबपुरता. टीव्हीवर चालत नाही.

मगदूम मॅडम: पण मालिका कोण बघतंय ते राहिलंच.

देशपांडेकाका: मी हॉलमध्ये फक्त बातम्या आणि पातळी बघायला जातो. ओटीटीतलं मला काही कळत नाही.

शेखचाचा: रविवारी मॅचला पण होतात की काका तुम्ही.

देशपांडेकाका: मॅच वेगळी. आणि ती पण केबलवरच बरी होती. इथे वरच्या मजल्यांवर आधी आरडाओरडा होतो, मग आमच्याकडे विकेट पडते. हे काय आहे?

रोहन: नेटवरचं लाइव्ह मागेच असतं काका. व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात. इकडे आल्यावर स्टिक दोन-तीन तुकडे गाठीला बांधून मगच दाखवायला लागते, नाहीतर मधेच गोल फिरत बसेल. डिशपेक्षा अर्धा मिनिट मागे असणं अगदी नेहमीचं.

देशपांडेकाका: थांबा. म्हणजे ज्यांच्या घरी डिश आहे त्यांना विकेट आधी कळते?

रोहन: हो.

देशपांडेकाका: आप्पा.

देशपांडेकाका: आप्पा, तुमच्याकडे डिश आहे ना?

आप्पा चौगुले: हाय की. का ओ?

देशपांडेकाका: रविवारी चार वेळा तुम्ही खुर्चीतून पुढे वाकून म्हणालात, "ह्या बॉलला जातोय बगा." चारी वेळा गेला. चार पाकिटं भडंग हरलो मी. मोठी पाकिटं.

आप्पा चौगुले: अंदाज असतोय ओ. चाळीस वर्सं क्रिकेट बगतोय.

पाटील वहिनी: आप्पा, तुमचा नातू गॅलरीत उभा राहून "आज्जा, औऽऽट" म्हणून ओरडत होता, ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होतं.

शेखचाचा: मला वाटलं पोरगं आनंदानं ओरडतंय.

आप्पा चौगुले: भडंग खाल्लं समद्यांनी. कांदा मी दिल्ता.

मगदूम मॅडम: भडंगाचा हिशेब गणेशोत्सवाच्या शिलकीआधी लागला तर आनंदच आहे.

कुलकर्णी खजिनदार: मॅडम, शिलकीचा ताळेबंद बोर्डावर दोन वेळा लावला आहे. रोज जिन्यात टोमणा मारण्यापेक्षा एकदा थांबून वाचावा.

मगदूम मॅडम: वाचला. बेरीज चुकली आहे.

माने सेक्रेटरी: कृपया 🙏🙏

देशपांडेकाका: विषय भरकटवू नका. केबल कुणाला विचारून बंद केली? बाकी सगळं असेल त्या पेटीत, पण केबलवाल्याचं आपलं सांगलीचं चॅनेल कुठल्याच अ‍ॅपवर नाही. मुंबईचे बातमीवाले "पश्चिम महाराष्ट्रात जोरदार पाऊस" एवढंच सांगतात. आयर्विनला किती फूट, हे कोण सांगणार?

रोहन: हा मुद्दा बरोबर आहे काका. मीही तो धरला नव्हता. सह्याद्री वाहिनी प्रसार भारतीच्या वेव्हज अ‍ॅपवर आहे, नोव्हेंबर २०२४ पासून आहे ते. डीडी फ्री डिश लावली तर महिन्याचं भाडंही नाही. पण लोकल चॅनेल दोन्हीकडे नाही मिळणार.

शेखचाचा: ते लोक यूट्यूबवर लाइव्ह टाकतात पुराच्या दिवसांत. माझ्या मिरजेच्या जावयानं काल लिंक दिली. स्टिकवर यूट्यूब आहे ना?

रोहन: आहे चाचा. मग काम झालं. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून नुसतं बोलायचं.

देशपांडेकाका: बोललो होतो. परवा, पेटी चालू असताना. बटण दाबून स्पष्ट म्हणालो, "आयर्विन पाणी". एक गोरा गृहस्थ खाकी चड्डीत मगरीच्या अंगावर बसलेला आला.

रोहन: 😂 स्टीव्ह आयर्विन. ऑस्ट्रेलियाचा मगरवाला.

आप्पा चौगुले: त्येला म्हणावं भिलवडीला ये. नदीकडंला पडल्यात ऊन खात.

मगदूम मॅडम: पूल व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा आहे. १९२९ चा. यंत्राचा तरी काय दोष, इंग्रज दोघंही.

सी-१०२: तो ऑस्ट्रेलियन होता मॅडम.

मगदूम मॅडम: आपण गाडी हलवा.

रोहन: काका, "सांगली" शब्द आधी घ्या. नाहीतर चॅनेलचं नाव मराठीत टाइप करून ठेवतो, एकदा सबस्क्राइब केलं की वरच दिसेल. दुपारी येतो खाली. अ‍ॅडॉप्टर तेवढा द्या कुणीतरी.

कुलकर्णी खजिनदार: ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. वरचा. किल्ली माने साहेबांकडे.

माने सेक्रेटरी: किल्ली कुलकर्णी साहेबांकडे आहे.

दुपार

रोहन (३.४०): स्टिक प्लगवर घेतली. तरी पहिल्यांदा अडकत होती. वायफायचा राउटर कुठे सापडला सांगू? ऑफिसात लोखंडी कपाटाच्या मागे, वर गणपतीच्या मखराचा थर्माकोल. कपाट म्हणजे वायफायला पत्र्याची भिंतच. राउटर पुढे काढून खिडकीत ठेवला आणि स्टिक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर जोडली. ५ गिगाहर्ट्झ जवळ फास्ट असतं पण दोन भिंती पार करून हॉलपर्यंत येईपर्यंत दमतं. एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, हॉलमध्ये आता २८ येताहेत.

शेखचाचा: शाबास. महिनाभर तीन पेट्या बदलल्या आणि दोष कपाटाचा.

कुलकर्णी खजिनदार: कपाट तिथे ठेवायचं ठरलं ते मागच्या कमिटीच्या काळात. नोंद असावी.

रोहन: एक विनंती. हॉलच्या वायफायचा पासवर्ड जिन्यात लिहिलाय तो पुसा. त्या वायफायवर असलेला कुणीही आपल्या फोनवरून टीव्हीवर काहीही टाकू शकतो. मी पातळी लावत असताना मधेच डुकराचं कार्टून सुरू झालं.

बी-१०१: सॉरी, आमची चिऊ. तिला वाटलं आमचाच टीव्ही.

आप्पा चौगुले: दिसली का पातळी?

रोहन: दिसली. पुलाचा कॅमेराच लावलाय त्यांनी, पट्टीवरचे आकडे वाचता येतात. काका आणि मंडळी बसलीत खाली.

देशपांडेकाका: स्वच्छ दिसतंय. मान्य. पण वीज गेली तर काय करणार?

शेखचाचा: वीज गेल्यावर केबल तरी कुठे चालते काका. २०१९ ला सहा दिवस माझ्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी सांगली ऐकत जिन्यात बसलो होतो सगळे. सेल चार आणून ठेवलेत मी. बी-४०१, तुमच्या पाण्याचं पण बघितलं, गच्चीवरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद होता.

बी-४०१: धन्यवाद चाचा. निदान कुणीतरी वाचतं.

माने सेक्रेटरी: सर्वांचे आभार. वहिनींचं अकाउंट आजच हॉलमधून काढतो. फुकटात आहे तेवढं ठेवू. केबलचा विषय पुढील मीटिंगमध्ये घेऊ. चर्चा इथे थांबवावी.

रात्र

पाटील वहिनी (८.१७): माने भाऊजी, काढलं का?

माने सेक्रेटरी: उद्या सकाळी नक्की. आज पाहुणे आले.

पाटील वहिनी: मग आत्ता परत दोन स्क्रीन चालू आहेत म्हणतंय. मुलाला फोन केला, तो बाहेर जेवायला गेलाय, मित्र बघतोय त्याच्या खोलीत. दुसरा इथलाच. फोनवर बघितलं तर सातवा भाग सुरू झालाय. कोण आहे हॉलमध्ये?

रोहन: मी आत्ताच खालून आलो वहिनी. बाकीचे जेवायला गेले. काका एकटेच होते.

आप्पा चौगुले: पातळी बगत असत्याल 😂

देशपांडेकाका ए-१०१ (८.२१): हा मेसेज डिलीट केला आहे.

देशपांडेकाका ए-१०१ (८.२९): वहिनी, कृपया उद्या दुपारपर्यंत अकाउंट काढू नये. आठच भाग आहेत.