बजीची (छोट्या पोपटाची) मादी सारखी अंडी घालतेय आणि राळ्याशिवाय काही खात नाही, काय करू?

डोंबिवली_फास्ट
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये लेकीच्या हट्टापायी लव्हबर्डची जोडी आणली, एक निळा आणि एक पिवळी. दुकानदाराने गोल पिंजऱ्याबरोबर मटका (अंडी घालायचं मडकं) फुकट दिला, तोही लावला. खायला राळा (बारीक धान्य), वाटी भरून ठेवतो. कोथिंबीर टाकून बघितली पण ढुंकूनही बघत नाहीत. आता प्रॉब्लेम असा की पिवळीने तीनदा अंडी घातली, आम्हाला पिल्लं नकोत, घर वन बीएचके आहे, म्हणून मी दर वेळी अंडी काढून टाकली तर थोड्या दिवसांत परत सुरू. परवापासून ती जरा फुगून बसते, दिवसाही झोपल्यासारखी. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब टाकू का?

पेरूची_फांदी
थेंब राहू देत, आधी तिच्याकडे नीट बघा. पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसलीय का, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होतेय का, जोर लावतेय असं वाटतं का? यातलं एक जरी असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं आणि मग उद्यावर ढकलू नका, काही तासांचा खेळ असतो तो. डॉक्टरकडे नेईपर्यंत पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून बल्ब लावून ऊब द्या, दुसरी बाजू गार राहू दे म्हणजे तिला सरकता येईल. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका प्लीज. आणि नेहमीचा कुत्र्यामांजरांचा डॉक्टर चालेलच असं नाही, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करून पक्षी बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा, तिकडून तुमच्या बाजूचं कुणीतरी कळेल.

आता मूळ दुखणं. एक म्हणजे ते लव्हबर्ड नाहीत, बजी आहेत. आपल्याकडे सगळे दुकानदार बजीला लव्हबर्ड म्हणून विकतात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि हे ऑस्ट्रेलियातले. दुसरं, तो फुकटचा मटका फुकट नाहीये. बजी झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, तुम्ही ढोली टांगली, बाराही महिने राळा भरून ठेवला, टीव्हीमुळे रात्री अकरापर्यंत उजेड, तिला वाटणार सुगी चालू आहे, घाला अंडी. वर तुम्ही अंडी काढलीत. ती गेली की मादी भरपाई म्हणून परत घालते. प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं, राळ्यात ते नाहीच्या बरोबर, आणि जीव किती तर तीस-चाळीस ग्रॅमचा!

पुढच्या वेळी अंडी काढू नका, उकळून गार करून परत ठेवा. उबवू दे. साधारण तीन आठवड्यांनी ती स्वतःच कंटाळून सोडेल, तेव्हा अंडी आणि मटका दोन्ही बाहेर. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर, सकाळी सातपर्यंत अंधार. कॅल्शियमसाठी समुद्रफेस आजच आणून टांगा.

गावाकडचा_गणू
एवढं काय त्यात. आमच्याकडे पाच वर्षं होता बजी, नुसत्या राळ्यावर, मटका पण होता. काही झालं नाही. एक दिवस आपोआप गेला.

पेरूची_फांदी
गणूभाऊ, नीट सांभाळला तर बजी आठ-दहा वर्षं काढतो हो. पाचव्या वर्षी आपोआप गेला म्हणजे काहीतरी झालंच होतं, तो दाखवत नाही एवढंच. आजारी दिसला की शिकारी आधी त्यालाच उचलणार, म्हणून पक्षी शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं नाटक करतो. म्हणूनच म्हणते, किचनचा छोटा वजनकाटा घ्या आणि आठवड्यातून एकदा वजन करा. पिसं फुगलेली असली तरी काटा खोटं बोलत नाही.

मेथीची_जुडी
कोथिंबीर खात नाहीत म्हणालात ना, तोंडासमोर राळ्याची वाटी भरलेली असताना कोण खाईल? आमच्या मुलांचंच बघा, टेबलावर चिवडा असला की भाजी नको. पण उपाशी ठेवायचं नाही हां, बजी एवढासा असतो, दिवसभर पोटात काही नसेल तर आटोपतो. सकाळी उठल्याबरोबर पहिला तासभर फक्त पाला, मग राळा. मी ओली मेथीची जुडी पिंजऱ्याच्या जाळीला चिमट्याने लावायचे, आमचे दोघं आधी त्यात लोळून आंघोळ करायचे आणि लोळता लोळता चोचीत पान गेलं की कळायचं अरे हे खायचं आहे. तरी महिना गेला. शेवग्याचा पाला सर्वात हिट. गाजर किसून, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मक्याचं कोवळं कणीस, मोड आलेले मूग (वास यायला लागला की फेका). सगळं तीनदा धुवा, फवारणी असते. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे वडापाव, क्वचितच. अव्होकाडो आणि चॉकलेट अजिबात नाही, चहात बुडवलेलं बिस्कीट पण नाही, आमच्या सासऱ्यांना हे सांगून मी थकले.

खाऱ्या_वाऱ्याचा
हॉल आणि किचन लागून आहे का? असेल तर नॉनस्टिक तवा जपून. माझा रिकामा तवा गॅसवर राहिला, फोनवर बोलत होतो, आम्हाला फक्त हलका वास आला आणि पलीकडच्या खोलीतले दोन्ही पक्षी काही मिनिटांत खाली पडले. तापलेल्या कोटिंगचा धूर पक्ष्यांना झेपतच नाही. त्या दिवसापासून घरात बिडाचा तवा. मच्छर कॉइल, धूप, फवारे सगळं दुसऱ्या खोलीत. बाकी तो गोल पिंजरा बदला, पक्षी आडवा उडतो, गोल गोल नाही. निदान अडीच फूट लांब, तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको नाहीतर डोकं अडकतं. प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या नाहीतर कडुलिंबाच्या जाड-बारीक फांद्या लावा, एकाच जाडीवर सतत बसून तळव्यांना फोड येतात.

डोंबिवली_फास्ट
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी ती तळाशीच बसलेली दिसली, शेपटी हलत होती, मग थांबलोच नाही. अंडं अडकलं होतं. डॉक्टरांनी ऊब आणि कॅल्शियम दिलं, रात्री अंडं पडलं, कवच नव्हतंच, नुसती पातळ पिशवी. आता दांडीवर बसतेय, आवाज कमी आहे. मटका उतरवलाय, लेक रडली पण तिला समजावलं. मेथी जाळीला लावली तर निळा तिच्याकडे भूत बघितल्यासारखा बघतोय.

मेथीची_जुडी
बघू दे. उद्या परत लावा.