जागलीवर मालीचं गाणं: वावरात बसून परदेशी संगीत ऐकायची गरज काय?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
हरभऱ्याला ओलित सुरू आहे आणि लाईन या आठवड्यात रात्रीची. मोटर चालू करायची, बांधावर बसायचं, डुकरं-रोही (नीलगायी) हाकलायचे. या जागलीत तीन वर्षांपासून एक नाद लागलाय. डीजेवर वाजत नाही, रील्समध्ये येत नाही, असं दुसऱ्या देशांतलं गाणं शोधून ऐकायचं.

सुरुवात झाली अली फार्का टूरेपासून. आफ्रिकेतल्या माली देशातलं, नायजर नदीकाठचं नियाफुंके हे त्याचं गाव. १९९४ साली राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्यासोबत केलेल्या 'टॉकिंग टिंबक्टू'ला ग्रॅमी मिळालं. तरी गडी स्वतःला शेतकरीच म्हणवायचा. १९९९ चा अल्बम तर त्याने गावातच रेकॉर्ड करायला लावला, आणि २००४ मध्ये तो गावचा महापौर झाला.

आपल्या पोट्ट्यांना परदेशी गाणं म्हणजे इंग्रजी पॉप आणि कोरियन नाच, एवढंच माहीत. माली कापसाचा देश आहे, पावसाकडे डोळे लावून बसणारा. मला ते गाणं मुंबईच्या गाण्यापेक्षा जवळचं वाटतं. गावातल्या माणसाने ते ऐकायलाच पाहिजे, असं माझं मत.

खंजिरी (अमरावती)
भाऊ, 'ऐकायलाच पाहिजे' हे खटकलं. एक तरी शब्द कळतो का त्यातला? आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरी शब्दाच्या मागे चालते, पुढे नाही. शब्दच गेला तर उरलं काय, ठेका. तो तर थ्रेशरलाही असतो. आमच्या भजनी मंडळात तीन म्हातारे उरलेत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. तुमच्यासारखा कान असलेला माणूस तिथे बसायचा सोडून मालीत जाऊन बसतो, याचं वाईट वाटतं.

बंडीचं_चाक
काऊन बे भाऊ, तुले मुंबईचं गाणं दूरचं वाटते अन् आफ्रिका जवळ? कापसाले भाव नाही भेटत तिकडंही, म्हणून काय? 😄 मले तर वाटते तू लोकाईले सांगाले ऐकून रायला. "मी वेगळं ऐकतो" हेही एक फॅशनच हाय.

पऱ्हाटीवाला
रात्री दोन वाजता बांधावर कोणाला दाखवू, भौ? डुकराला?

वर्धेची_सून
जागल तुम्हा लोकांची, आमचा इयरफोन भांडी घासताना. असो. शब्द कळत नाही म्हणणाऱ्यांसाठी: सेझारिया एव्होरा ऐका. अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांची, मिंडेलो बंदरात गाणारी बाई. स्टेजवर अनवाणी उभी राहायची, आणि जगात नाव झालं तेव्हा पन्नाशी आली होती. तिच्या गाण्याला मोर्ना म्हणतात. तिचं 'सोदाद' हे गाणं बेटं सोडून साओ टोमे बेटावर जाणाऱ्या लोकांचं, तिथल्या मळ्यांवर माणसं मजुरीला जात. हा अर्थ मला नंतर कळला. आधी नुसता आवाज ऐकला आणि चाकणला कंपनीत लागलेला भाऊ आठवला. मग शब्द आधी की गाणं आधी, खंजिरीदादा?

झाडीपट्टीकर (वडसा)
मला वेगळाच राग आहे. 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव कुठून आलं माहीत आहे? १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांचे लोक बसले. या देशोदेशीच्या कॅसेटी दुकानात कोणत्या फळीवर ठेवायच्या हा त्यांचा प्रश्न, म्हणून हे नाव. मालीवाला, बल्गेरियावाला, सगळे एका फळीवर. ग्रॅमीनेही २०२० मध्ये 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं. पाटी बदलली, फळी तीच.

आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. लोक तिकीट काढून, शाल पांघरून रात्रभर बसतात. मुंबईवाल्याला आम्हीच मुख्य प्रवाहाबाहेरचे. उद्या कोणी लंडनवाला आमची दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, त्या फळीवर ठेवेल आणि तेव्हा तुम्ही जागलीवर ऐकाल.

पऱ्हाटीवाला
फळीचं मान्य. पण सहारातली पोरं फळीची वाट पाहत बसली नाहीत. तिनारिवेन म्हणून तुआरेग लोकांचा बँड आहे. त्यातल्या इब्राहिम अग अलहबीबने लहानपणी पहिली गिटार केली ती टिनाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन. त्यांची गाणी कॅसेटवरून कॅसेट उतरवत वाळवंटभर पसरली. पुढे तिकडे मोबाईलच्या मेमरी कार्डातून, ब्लूटूथने गाणी फिरू लागली. आपण मोबाईल शॉपीत कार्ड भरून घ्यायचो ना, तसंच. यात लंडन कुठे आहे?

गुरुजी_झरी
माझ्या शाळेच्या भागात परधान आहेत. गोंडांच्या वंशावळी, देवांच्या कथा किंगरीवर गाणारे. यजमानाकडे जायचं, गायचं, धान्य-जनावर घेऊन यायचं, असा पिढ्यांचा व्यवहार. मालीत हेच काम जेली करतात. त्यांचं वाद्य कोरा, २१ तारांचा, भोपळ्यावर कातडं मढवलेला. टुमानी दियाबातेने १९८८ मध्ये नुसता कोरा वाजवून अख्खा अल्बम काढला, तो जगभर गेला. २०२४ मध्ये तो वारला.

खरं सांगू, कोरा ऐकेपर्यंत मी किंगरीला भिक्षा मागायचं वाद्य समजत होतो. इथेच नोकरी करून.

खंजिरी
गुरुजी, हे तुमचं चुकलं, किंगरीचं नाही. ती समजायला मालीला वळसा कशाला? शेजारी जाऊन बसायचं होतं.

गुरुजी_झरी
बसायचं होतं. बसलो नाही.

बंडीचं_चाक
मी लावलं ते अलीचं. बुढा म्हणे, हे बंद कर, मोटर बिघडल्यासारखी वाटते. पण मंग सोताच ठेका धरून बसला. मी काय बोलू.

खंजिरी
मीही ऐकलं, दोन गाणी. एकाच ठिकाणी फिरतंय, शब्द नाही, अभंगाची उंची नाही. माझं मत कायम. फक्त एक विचारतो, शेतीचा प्रश्न म्हणून: याने रोही पळतात का?

पऱ्हाटीवाला
नाही. काल चार जण हरभऱ्यात उभे राहून ऐकत होते. शेवटी टिनाचा डबाच बडवला.