चंद्रावर टँकर नेऊन भागणार नाही
एकांनी विचारलंय, आपल्याकडे गोव्यात डिचोली-साखळीच्या खाणरस्त्यांवर धूळ बसवायला टँकरने पाणी मारतात, तसं काही चंद्रावर का नको? नाही हो, तिथल्या निर्वातात पाणी टिकतच नाही. आणि ती धूळही वेगळी. आपले कण वाऱ्यापाण्याने झिजलेले असतात. तिथले फुटक्या काचेसारखे धारदार, त्यात अतिनील किरणांनी विद्युतभारित, म्हणून झटकले तरी सुटत नाहीत.

१९७२ साली अपोलो १७ च्या मोहिमेत अंतराळवीर सर्ननच्या हातोड्याने चंद्रावरच्या बग्गीच्या मडगार्डचा तुकडा तुटला. साधी गोष्ट! पण धुळीचे फवारे थेट अंगावर यायला लागले. शेवटी चार नकाशे टेपने जोडून, क्लॅम्प लावून नवं मडगार्ड केलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. यानात परतल्यावर सोबतच्या श्मिटचं नाक धुळीने चोंदलं ते वेगळंच.

धूळ काढायला ब्रशवर माझा फारसा विश्वास नाही. घासलं की ओरखडे. विजेच्या बदलत्या क्षेत्राने धूळ उडवायची नासाची युक्ती मला पटते. मार्च २०२५ मध्ये चंद्रावर उतरलेल्या ब्लू घोस्ट यानावर काच आणि रेडिएटरचा पृष्ठभाग तिने साफ करून दाखवला. स्पेससूटच्या घड्या आणि सांधे मात्र काचेइतके सोपे नाहीत.