अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगमध्ये क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर) एवढा पैसा ओतला की टीमचं भविष्य बुडतं का?

ओहायोकर: २०२३ मध्ये आमच्या सिनसिनाटी बेंगल्सनी क्वार्टरबॅक जो बरोशी ५ वर्षांचा २७.५ कोटी डॉलरचा करार वाढवला. २०२४ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ४३ टचडाउन पास फेकले, तरी ९ विजय, ८ पराभवांवर प्लेऑफ (बाद फेरी) हुकलं. बाल्टिमोरमध्ये ३४ गुण करून एका गुणाने हरलो, तेव्हा अक्षरशः जीव तुटला. डिफेन्ससाठी पैसेच उरत नाहीत का?

पिवळा झेंडा: करार महाग असणं वेगळं आणि चुकीच्या माणसाला देणं वेगळं. डेन्व्हरने २०२२ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला २४.५ कोटींची मुदतवाढ दिली आणि २०२४ मध्ये सोडलं. साइनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) कॅपवर, म्हणजे टीमच्या पगारांच्या वार्षिक मर्यादेत, करारातल्या वर्षांवर्षांत विभागून दाखवतात. खेळाडू गेला की उरलेला हिशोब अंगावर येतो. ८.५ कोटींचा बोजा पडला, दोन वर्षांत वाटून. तरीही बो निक्स या स्वस्त रुकी (पहिल्या वर्षाच्या) क्वार्टरबॅकला घेऊन ते त्याच वर्षी प्लेऑफला गेले!

ओहायोकर: मग कॅन्सस सिटी चीफ्सना कसं जमलं?

पिवळा झेंडा: क्वार्टरबॅक महोम्सला १० वर्षांचे ४५ कोटी दिले, पण २०२२ मध्ये स्टार रिसीव्हर (पास झेलणारा) टायरीक हिलला मायामीला देऊन ५ ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) घेतले. काळजावर दगड ठेवूनच. पुढचे दोन्ही सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) त्यांचेच. तुमच्याकडे बरोसोबत चेस आणि हिगिन्स या दोन्ही रिसीव्हरनाही मोठे करार दिलेत. माझ्या मते दुखणं तिथे आहे, आणि डिफेन्सचे ड्राफ्ट फसले त्यात. बरोला सोडायचा विचारही करू नका.