एक्स्ट्रुडर तेल जाळतो म्हणणाऱ्यांना उत्तर

गाळपवाला: काल इथे एकाने लिहिलं, 'एक्स्ट्रुडरमधून बी काढलं की तेल जळतं, पेंडीतला जीव जातो, हे सगळं मशीन विकणाऱ्यांचं खूळ.' वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मुळात एक्स्ट्रुडर तेल काढतच नाही हो, तेल काढतो पुढचा एक्स्पेलर, म्हणजे दाबून तेल गाळणारं यंत्र! एक्स्ट्रुडरमध्ये सोयाबीनचा भरडा स्क्रू आणि बॅरलच्या मध्ये रगडला जातो, नुसत्या घर्षणाने १३५ अंशांच्या आसपास तापतो, तेही अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि तोंडातून बाहेर पडताना दाब सुटला की आतल्या पाण्याची वाफ होऊन पेशी फुटतात. बाहेर येतो तो माल फेसाळ, बोटांना तेल लागतं. १९८७ साली इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी असंच करून एक्स्पेलरच्या एकाच फेरीत ७० टक्क्यांच्या वर तेल काढून दाखवलंय. आणि हे सगळं हेक्झेनशिवाय, म्हणजे तेल विरघळवून काढणाऱ्या रसायनाशिवाय.

शुद्धतेल: तो 'एकाने' म्हणजे मीच, नाव घ्यायला घाबरू नका. १३५ अंश म्हणजे काय थंड झालं का? थंड गाळपाच्या तेलाचा वास आणि तुमच्या तेलाचा वास शेजारी ठेवून बघा. आणि ७० टक्के कसले सांगता, सॉल्व्हंटवाला, म्हणजे हेक्झेनने तेल काढणारा, पेंडीत १ टक्कासुद्धा तेल ठेवत नाही, तुमच्या पेंडीत ६-७ टक्के राहतं. हा तोटा कोण भरणार?

कोंबडीपालक: तोटा? अहो तेच तेल माझ्या खाद्यात ऊर्जा म्हणून चालतं! आणि थंड गाळपाच्या सोया पेंडीचं माझ्याकडे बोलूच नका. एका गाळपवाल्याने 'नैसर्गिक' म्हणून दिली, मी भोळेपणाने घातली. पिल्लांची वाढ थांबली, विष्ठा पातळ, आठ दिवस रोज सकाळी शेडमध्ये जायची भीती वाटायची. कच्च्या सोयातला ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं पचू न देणारा घटक, उष्णतेशिवाय मरत नाही, हे मला पिल्लं गमावून कळलं.

शुद्धतेल: वाईट झालं. पण मी माणसांच्या तेलाबद्दल बोलतोय, कोंबड्यांच्या खाद्याबद्दल नाही.

कोंबडीपालक: सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम १८-२० टक्के. उरलेला ढीग काय फेकून देता? सोयाचा धंदा पेंडीवर चालतो, तेलावर नाही. हे कळत नसेल तर दुसऱ्यांना अक्कल शिकवू नका!

शुद्धतेल: तोंड सांभाळून बोला. मग जास्त भाजलेल्या पेंडीचं काय? त्यातलं लायसिन, प्रथिनातला गरजेचा घटक, जातं ते दिसत नाही का तुम्हाला?

मिस्त्रीआप्पा: दोघंही थांबा जरा. बारा वर्षं एक्स्ट्रुडर दुरुस्त करतोय. पेंड कच्ची निघते किंवा करपते ती मशीनमुळे नाही, चालवणाऱ्यामुळे. माल ओला आला की तापमान चढत नाही, अगदी सुका आला की करपतो आणि तोंड तुंबतं. स्क्रू झिजलेला असतो, मालक बदलत नाही, आणि मग शिव्या तंत्राला. पण गाळपवाले, तुम्हीही एक लपवलंत. शेंगदाणा, तीळ असलं तेलकट बी नुसतं बॅरलमध्ये घातलं की तेलच वंगण होतं, घर्षण होत नाही, लगदा फिरत बसतो. तिथे घाणाच बरा.

गाळपवाला: लपवलं नाही, मी सोयाबद्दलच बोलत होतो. पण ठीक आहे, तिळाच्या बाबतीत तुमचं मान्य. मोठ्या कारखान्यालाही सॉल्व्हंटच परवडतं हेही मान्य, फक्त तिथेही कितीतरी जण आधी एक्स्पांडर, म्हणजे एक्स्ट्रुडरसारखंच माल फुगवणारं यंत्र, लावतात, फुगलेल्या मालातून हेक्झेन भराभर झिरपतं म्हणून. म्हणजे 'खूळ' म्हटलेलं तंत्र तिथेही आहेच.

शुद्धतेल: 'खूळ' शब्द मागे घेतो. सोयापुरता. वासाचं म्हणणं मागे घेत नाही.

कोंबडीपालक: आप्पा, पेंड कच्ची आहे का हे घरच्या घरी कसं ओळखायचं तेवढं सांगा.

मिस्त्रीआप्पा: युरिया आणि फिनॉल रेड (रंग बदलून दाखवणारं रसायन) यांचं तयार द्रावण घ्या, बशीत पेंडीची पूड पसरा, वरून द्रावण ओता, पाच मिनिटं हलवू नका. सगळीकडे लाल पसरलं तर कच्ची, तुरळक लाल ठिपके आले तर ठीक. एकही ठिपका नसेल तर करपलेली असू शकते, मग गाळपवाल्याला तापमान विचारा.