माहीमच्या खाडीतला काळा गाळ उपसून वास जाणारे का?

वांद्रेकर: पावसाळ्याआधी मिठी नदीच्या गाळाचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, खाली माहीमची खाडी पण उपसा, वास जाईल. नाल्यातून मैला येणं थांबत नाही तोवर ते पैसे पाण्यातच. ती नुसती माती नाहीये हो, कुजणारा माल आहे, बॅक्टेरिया तो खाताना सगळा ऑक्सिजन संपवतात, मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया सुरू होतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच सडक्या अंड्यांचा वास, चिखलातल्या लोहाशी मिळून तोच काळा रंग.

साधा_माणूस: 26 जुलै 2005 विसरलात वाटतं. सांताक्रूझला 944 मिमी पाऊस, मिठी घराघरात. गाळ काढलाच पाहिजे!! आणि खारफुटीचा चिखल तसाही काळा असतो, वास मारतो, पानं कुजतातच की. सगळं मैल्याच्या नावावर खपवू नका.

वांद्रेकर: पुरासाठी वर नदीत काढा ना, कोण नाही म्हणतंय, मी खाडीबद्दल बोलतोय. आणि पानं की मैला हे तपासता येतं. कॉप्रोस्टॅनॉल म्हणून एक रसायन असतं, आतड्यात कोलेस्टेरॉलपासून बनतं, पानातून येत नाही. गाळात ते भरपूर सापडलं की विषय संपला.

कोळीण_बाय: ओहोटीला आमच्या बाया कालवं काढायला जायच्या, आता माहीमच्या चिखलात हात कोण घालतंय. वरळी-वांद्र्याला पाइप टाकून मैला समुद्रात तीन किलोमीटर आत सोडतात, तिथे आमची जाळी नसतात का?

वांद्रेकर: ताई, तिथे निदान खोल पाण्यात पसरतं तरी. घाटकोपर-भांडुपचं ठाणे खाडीत आणि वर्सोवा-मालाडचं मालाडच्या खाडीत जातं, ते तिथेच कोंडतं आणि तळाला बसतं.

साधा_माणूस: एवढं वाईट असतं तर ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले असते का? 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली ती.

वांद्रेकर: फ्लेमिंगो शेवाळ खातात, मैल्यातला नायट्रोजन-फॉस्फरस त्या शेवाळाला खतच आहे. त्यांच्या येण्याने तळाला सर्टिफिकेट नाही मिळत. चिखलात कोण उरलंय ते बघा, सडका तळ म्हणजे कॅपिटेलासारखे बारके किडे ढिगाने आणि बाकीचे गायब. शिवाय त्या सल्फाइडने जड धातू धरून ठेवलेले असतात, ढवळलं की ते परत पाण्यात.

साधा_माणूस: बरं मग? सात ठिकाणी मैलापाणी शुद्ध करायचे नवे प्लांट बांधतायत, ते होईपर्यंत नाक धरून बसू? निदान वरचा थर तरी काढा.

वांद्रेकर: काढून टाकणार कुठे? तुमच्या सोसायटीमागे चालेल?

साधा_माणूस: तिथे ऑलरेडी नाला आहे, जागा नाही 😂