मदत हवी आहे: हलगी लाइव्ह वाजवायला ड्रम मशीन आणि सॅम्पलर वेगवेगळे घ्यावेत की एकच यंत्र?

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप न वापरता, फक्त यंत्रांवर पाऊण तासाचा लाइव्ह सेट बसवतोय आणि खरेदीपाशी येऊन अडलोय. ड्रम मशीन म्हणजे ताल रचून वाजवणारं यंत्र, आणि सॅम्पलर म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज (सॅम्पल) वाजवणारं. बजेट 60,000 रुपयांपर्यंत. सेकंडहँड चालेल.

घरी कॉर्ग मिनिलॉग हा सिंथेसायझर, एक छोटा मिक्सर आणि हातात धरायचा रेकॉर्डर आहे. आजवर ताल लॅपटॉपवरून सोडत होतो. गेल्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर वाजवताना साउंड कार्डचा ड्रायव्हर अडकला आणि तिसऱ्याच तुकड्यात ताल बंद पडला. समोर चाळीसेक माणसं बसलेली. त्या रात्रीपासून ताल बोटांखालच्या बटणांवरच हवा, हे पक्कं केलंय.

मुख्य प्रश्न हलगीचा आहे. मामांच्या गावी, सांगलीकडे, यात्रेत दोन संध्याकाळी मी हलगी रेकॉर्ड केली. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकतात. कातडं ताणलं जातं आणि आवाज असा टणटणीत निघतो की छातीत लागतो. मग हलगी निवत जाते तसा आवाज उतरतो, की पुन्हा जाळ. त्यामुळे माझ्याकडच्या दीडेकशे ठोक्यांमध्ये एकाच हलगीचे चार-पाच वेगवेगळे सूर आहेत. ते मला सारखे करून घ्यायचे नाहीत. सेट पुढे जाईल तशी हलगी हळूहळू उतरावी आणि शेकल्यासारखी एकदम चढावी, असंच वाजवायचंय.

म्हणून यंत्रातल्या तालाच्या प्रत्येक स्टेपवर, म्हणजे घरावर, वेगळा ठोका आणि वेगळा सूर लावता आला पाहिजे. एकच ठोका ओळीने वाजला की मशीनगनसारखा ऐकू येतो, हलगी राहतच नाही. दुसरं म्हणजे दोन तुकडे 7 मात्रांचे आहेत आणि एक 6 मात्रांचा. 16 स्टेपच्या चौकटीत ते कसे बसवायचे?

डोक्यात दोन रस्ते आहेत. एक, किकसाठी (ड्रमचा खालचा, खर्जातला ठोका) रोलँड टीआर-8एस किंवा आर्टुरिया ड्रमब्रूट इम्पॅक्ट हे ड्रम मशीन, आणि हलगीसाठी रोलँड एसपी-404 एमके2 हा सॅम्पलर. यात बजेटची ओढाताण होणार. दुसरा, पहिलं एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट किंवा अकाई एमपीसी वन, एकच यंत्र. मॉडेल:सॅम्पल्स आणि व्होल्का सॅम्पल ही यंत्रं बाद केलीत, कारण दोन्हींत थेट रेकॉर्ड करता येत नाही.

मन मात्र रोलँडच्या टीआर-808 या जुन्या ड्रम मशीनच्या आवाजाकडे धावतं. संगीतकार चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत टीआर-808 आणि टीबी-303, ज्युपिटर-8 हे सिंथेसायझर घेऊन राग वाजवले. ते ऐकल्यापासून तो खोल किक आणि त्यावर हलगी, हे कानातून जात नाही. त्यासाठी वेगळं ड्रम मशीन लागेलच का? ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

वेगळं ड्रम मशीन घेऊ नका. 808 च्या किकचे चांगले सॅम्पल सॅम्पलरमध्ये टाका, काम होतं. रोलँडच्या 1983 च्या 909 या ड्रम मशीनमध्येसुद्धा झांजा सॅम्पलच होत्या, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

तुमच्या कामाला डिजिटॅक्ट. स्टेपचं बटण दाबून धरा, नॉब फिरवा, त्या एका स्टेपपुरता सॅम्पल बदलतो. सूरही तसाच. पहिल्या डिजिटॅक्टला 8 ऑडिओ ट्रॅक आहेत आणि सॅम्पल मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे. हलगीला मोनोच शोभतं. प्रोजेक्टला 64 एमबी, म्हणजे साधारण 11 मिनिटांचा आवाज. दीडशे ठोके आरामात बसतील.

7 मात्रांसाठी पॅटर्न (तालाचं आवर्तन) 28 स्टेपचा करा, मात्रेला 4 स्टेप. 6 मात्रांना 24. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, म्हणून हलगी 14 वर आणि किक 16 वर ठेवून बघा. दोघं 112 स्टेपनंतर पुन्हा समेवर भेटतात. आमच्याकडे हे ऐकून तबलजी मित्र हातावर टाळी द्यायला लागला.

एमपीसी वनमध्ये एका पॅडवर (बोटाने वाजवायच्या बटणावर) अनेक ठोक्यांचे थर लावून ते आळीपाळीने वाजवता येतात, तेही हलगीला छान. पण त्याला टचस्क्रीन आहे आणि तुमचा जीव बटणांत आहे. एसपी-404 एमके2 इफेक्टसाठी फार गोड यंत्र, फक्त मिडी (यंत्रं एकमेकांना जोडायची सोय) 3.5 मिमी जॅकवर असल्याने मिनिलॉगला जोडायला अडॅप्टर लागेल. डिजिटॅक्टला 5 पिनांची साधी केबल पुरते.

घेण्याआधी एकदा हात लावून बघा. सेकंडहँड घेताना प्रत्येक नॉब सावकाश फिरवा; आकडा उड्या मारत असेल तर नॉबखालचा एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) झिजलाय.

मूळ लेखक

मनापासून आभार, दादा. 14 आणि 16 चा हिशोब वाचून ताबडतोब टेबलावर बोटांनी वाजवून पाहिला, सहाव्या फेरीत चुकलो. पुण्यात एकाकडे जुनं डिजिटॅक्ट विकायला आहे, रविवारी जाऊन नॉब फिरवून बघतो. एकच विचारायचं राहिलं: सूर उतरवताना स्टेपगणिक उतरवावा, की सगळ्या हलगीच्या ट्रॅकचा एकत्र? निवलेल्या हलगीचा ठोका थोडा बसकाही होतो, नुसता खाली येत नाही. तो बसकेपणा फिल्टरने, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग कापून, येईल का?